बिनतुपाचे कडुबू

येलहंका गावातल्या एका गोठ्यात दुधाविना मेलेलं वासरू बघितल्यापासून आसावरीनं दूध-तूप सोडलं होतं. थोरली जाऊ सोयराबाई म्हणायची, "नुसती थेरं!" साजूक तुपाचा वास आपल्याला गल्लीच्या टोकावरून कळतो, ही तिची फुशारकी.

शहाण्णव सालच्या चवथीला आसावरी स्वतःपुरते गूळ-खोबऱ्याचे, मोदकासारखे उकडीचे बिनतुपाचे कडुबू वळायला बसली. ती नारळ आणायला उठताच सोयराबाईनं बरणीतलं चमचाभर तूप तिच्या उकडीत कालवलं.

आसावरीनं चार वाफाळते कडुबू संपवले, तशी सोयराबाई फिस्कारली, "तूप होतं त्यात! बाटलीस की नाही आता?"

आसावरीनं शांतपणे पाचवा उचलला.



"अक्का, बरणी मीच भरते ना? पाडव्यापासून त्यात वनस्पती तूप आहे."