बाजूची जागा

दाभोशाच्या फाट्यावर नवीकोरी पिवळी गाडी उभी होती आणि तिच्यात बसायला कुणी तयार नव्हतं. म्हणजे, तयार दोघी होत्या. तीच तर पंचाईत होती.

गाडी रूपेशची. लग्नातली त्याची गाणी मोबाइलवर अशी काही गाजली की पोराच्या हातात पैसा खेळायला लागला, आणि त्याने थेट स्पोर्ट्स कारच मागवली. गणपतीत नोंदवलेली गाडी अक्षय तृतीयेला आली. रंग त्याने स्वतः निवडला. सीटच्या शिलाईचा दोरासुद्धा स्वतः निवडला. आपल्या सीटवर ‘रूपेश’ असं नाव भरून घेतलं. बाजूच्या सीटवर काय भरायचं, म्हणून शोरूमवाली फोन करकरून थकली. हा आपला “सांगतो, सांगतो” करत राहिला. शेवटी ती सीट कोरीच आली.

सांगणार तरी काय? आईला त्याने कबूल केलं होतं, “पहिली तूच बसशील.” आणि बायकोलाही कबूल केलं होतं, “पहिली तूच.” बाजूची जागा एकच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण दोघींना खूश करायची घाई झालेली, दुसरं काय!

पाड्यापर्यंतच्या दगडधोंड्यांत ही गाडी चढणार नव्हती. म्हणून रूपेशच्या बापाने, नवसूने, अर्धा पाडा आपल्या काळ्या-पिवळ्या जीपमधून फाट्यावर आणला होता. सगळ्यांनी मिळून जव्हारला जायचं आणि देवळापुढे गाडीची पूजा करायची, असं ठरलेलं. नवसूने काचेतून आत डोकावून पाहिलं.

“मागच्या शिटा कुठं हायेत?”

“मागं शिटा नाय, बा. दोनच.”

“दोनच?” त्याने इंजिनावर लिंबू ठेवायला पुढचं झाकण उघडायला लावलं. आत काहीच नव्हतं. “आणि इंजिन?”

“ते मागं हाये.”

“शिटा पायजेत तिथं इंजिन, आणि इंजिन पायजे तिथं नुसतं रिकामं खोकं! पोरा, तुला कुणी फसवलं तर नाय ना?”

पोरं फिदीफिदी हसली. रूपेशला हसू येईना. दाराशी त्याची बायको सपना उभी होती, गाडीला शोभेलशी पिवळी साडी नेसून. आई जिजाही तिथेच, नव्या लुगड्यात.

“आईला बसव,” सपना म्हणाली. “मी जाते जीपमधून.” म्हणाली खरी, पण दारावरचा हात काढला नाही.

“मी म्हातारी कशाला? तिलाच ने,” जिजा म्हणाली, आणि अर्धं पाऊल दाराकडे सरकली.

रूपेशने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. एवढी वाट पाहिली ती याच दिवसाची ना? मग आज गाडी इथेच टाकून रानात पळून जावंसं का वाटतंय, तेच त्याला कळेना.

नवसूने जीपचा हॉर्न दाबला. “देव काय तुमच्यासाठी उभा राहील? चला, बसा जीपमध्ये! दोघी पण!”

दोघी बसल्या. एकाच बाकावर, तोंडं दोन दिशांना करून.

पुढे जीप, मागे रूपेश एकटा. गतिरोधक आला की गाडीचं पोट घासेल म्हणून श्वास धरायचा आणि गोगलगायीसारखी ती पुढे काढायचा. बाजूची कोरी सीट सारखी डोळ्यांत खुपत होती.

ओहोळाच्या वळणावर एका बाईने जीपला हात केला. कडेवर करवंदांची टोपली. जीपमध्ये आता मुंगीला शिरायला जागा नव्हती, आणि ‘जागा नाय’ असं नवसूने जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. त्याने अंगठ्याने मागची गाडी दाखवली.

“तिच्यात बस, फागी. पोराचीच हाये.”

फागी वाकली, आणखी वाकली आणि धपकन आत बसली. “अगं बाई! ही तर भुईलाच टेकली.” टोपली मांडीवर घेतली न घेतली तोच गाडी टुंग टुंग करायला लागली. “ही का बोंबलते?”

“पट्टा लावावा लागतो, मावशी.” रूपेशने वाकून पट्टा अडकवला.

“मला बांधतोस होय? पळून नाय जात मी.”

त्या दिवसात रूपेश पहिल्यांदा हसला. कोऱ्या सीटवर डोकं टेकून फागीने डोळे मिटले, ते थेट जव्हारच्या बाजारात उघडले.

तिथे सगळे उतरले. फागीने कनवटीची चुरगळलेली नोट काढून रूपेशपुढे धरली.

“नको, मावशी. ही भाड्याची गाडी नाय.”

“घे रे!” नवसू ओरडला. “नव्या गाडीची भवानी हाये, परत करू नये.”

रूपेश गोंधळला. त्याने नोट घेतली, डोळ्यांना लावली. जिजा आणि सपना दोघी जवळ येऊन उघड्या दारातून आत बघत होत्या. सीटवर एक करवंद चिरडून पडलं होतं.

टोपली डोक्यावर घेऊन निघालेली फागी मागे वळली.

“परत कवा सुटशील रे? सांजच्या जीपला लय गर्दी असते. माझी जागा ठेव.”

रूपेशने आईकडे पाहिलं. मग सपनाकडे.

“पाचला,” दोघी एकदमच म्हणाल्या.