तिसरा अर्ज

१८६४ सालचं अमरावती. कापसाच्या प्रदर्शनाची परवानगी मागणारा वामनरावांचा इंग्रजी अर्ज साहेबांनी दोनदा परत पाठवला होता. क्रियापदं भलत्याच जागी बसली होती म्हणे. तिसराही परत आला, तर प्रदर्शन अकोल्याला जाणार होतं. आणि इकडे दर्यापूरहून कापसाच्या बैलबंड्या निघाल्यासुद्धा होत्या.

साहेबांच्या कचेरीबाहेर वामनरावांना घाम फुटला. त्यांचा नवा अर्जनवीस सूर्यभान मात्र निवांत होता.

"काहून घाबरून राहिले जी? अकोल्याच्या साहेबाले लई आवडलेला अर्ज हाय हा. एकबी क्रियापद हलवलं नाई म्या. नुसतं साहेबाचं नाव अन् गाव बदलवलं."

"अन् कापूस कुठी घातला?"

"कापूस घातला असता तं वाक्य बिघडलं असतं जी."

आत साहेबांनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग टेबलावरची सरकारी पत्रं उलटून पाहिली.

"इंग्रजी उत्तम आहे," साहेब हळू आवाजात म्हणाले. "निरोप समारंभाला माझी हरकत नाही. फक्त माझी बदली कुठं झाली, तेवढं लिहायचं राहिलं."