तोरणहळ्ळी स्टेशन का ओस पडलं

टाकी घासून घासून पंचाक्षरी मास्तरांच्या हाताची सालटी निघाली, तरी ते शिडीवरून उतरेनात.

"मास्तर, या की खाली. तपासनीस सायबाची गाडी येईल आता," मायाक्का खालून म्हणाली. ती आणि तिचा नवरा धुळाप्पा स्टेशनच्या विहिरीवर मोट हाकून टाकी भरायचे.

"येऊ दे. आज पाणी गोडच निघालं पाहिजे."

तोरणहळ्ळीला गाड्या थांबायच्या त्या इंजिनाला पाणी घ्यायला. उतारू म्हणाल तर नावाला. पण यंदाच्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी खारं झालं, इंजिनात फेसाळू लागलं. साहेबानं बजावलं होतं, पुन्हा खारं लागलं तर स्टेशन बंद. याच स्टेशनच्या पायाचे दगड मास्तरांच्या बापानं पाठीवर वाहिले होते. मास्तर हटणारे नव्हते.

टाकी पुन्हा भरली. नळाचं ठिबकणारं पाणी चाटायला मायाक्काची मेंढरं एकमेकांवर चढू लागली. हाकललं तरी फिरून तिथंच.

"तहानलीत बिचारी," मास्तर म्हणाले.

"तहान समद्या गावाला हाय की. गावची हीर आटली, बाया वड्यात झिरे उकरत्यात. हितली एक घागर मागितली तर तुमी कायदा दावता."

"मायाक्का, ही विहीर इंजिनाची. स्टेशन आहे तोवर मला थेंब देता येत नाही. आणि खारं पाणी नेऊन करणार काय?"

"व्हय, त्येबी खरंच," म्हणत ती बैलांकडं वळली.

गाडी आली. साहेब उतरला. नळाखाली पेला धरून त्यानं घोट घेतला आणि थुंकला.

"मास्तर, यापेक्षा समुद्र बरा!"

मास्तरांचा चेहरा उतरला. पण लगेच त्यांनी बादली उचलली.

"साहेब, दोष टाकीत असेल. मी थेट विहिरीतलं आणतो. तेही खारं निघालं तर टाका कुलूप."

"जा. पण लवकर. तुमच्या शब्दावर गाडी थांबवतो."

मायाक्का मागून धावली. "मास्तर, ऱ्हाऊ द्या. तुमी कशाला वाकता? मी आनते की!"

"नको. आज माझ्या हातानंच."

दोर सरसरत खाली गेला, बादली वर आली. मास्तरांनी ओंजळ तोंडाला लावली. खडीसाखर विरघळावी तसं गोड पाणी.

ते सावकाश वळले. मायाक्का पदर खोचून वाटेत उभी होती. तिच्या पाठीमागं बाभळीखाली गावच्या बाया बसल्या होत्या, रिकाम्या घागरी पुढ्यात घेऊन. एकीच्या मांडीवर लेकरू कोरड्या ओठांनी निजलं होतं.

"मेंढरांना चारायचं मीठ टाकीत टाकलंस?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"व्हय." तिनं मान खाली घातली नाही. "जावा, सांगा सायबाला."

इंजिनानं शिट्टी दिली. मास्तरांनी जवळच्या घागरीत बादली ओतली, सगळी, तळापर्यंत. मग रिकामी बादली हातात घेऊन ते गाडीकडं चालत गेले.

साहेब दारात वाकून उभा होता. "काय मास्तर, कसं आहे?"

"खारंच आहे, साहेब."