न बसणारं प्रतिबिंब

निवृत्त होऊन वर्ष झालं तरी प्रभुदेसाई मॅडम आरशात फार वेळ बघायच्या नाहीत. बघितलं की मागे वैजयंता हात वर करून उभी दिसायची.

एकोणीस वर्षांपूर्वी रसायनशास्त्राच्या तासाला त्यांनी फळ्यावर तीन कार्बनचं कडं काढलं, त्यातल्या दोन कार्बनना एकेक सारखाच गट जोडला, मधोमध रेघ मारली आणि म्हणाल्या, "दोन्ही बाजू सारख्या. म्हणजे रेणू आणि त्याचं प्रतिबिंब एकच."

"मॅडम, पण एक गट वर आहे, दुसरा खाली," वैजयंता उठून म्हणाली. "प्रतिबिंब यावर चपखल बसणारच नाही."

"आरशात कमी बघ गं, पुस्तकात जास्त!"

वर्ग खो-खो हसला. त्यानंतर वैजयंता प्रश्न विचारेना, आणि दिवाळीनंतर तर कॉलेजलाच आली नाही.

आज कुठून कुठून नंबर मिळवून त्यांनी फोन लावला. "तुझंच बरोबर होतं गं. ते दोन वेगळे रेणू होते."

"ते मला ठाऊक होतं, मॅडम. तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायला वाव होता. मॅडमनी डोळे मिटले.

"घरी मटारदाण्यांत काड्या खोचून रेणू आणि त्याचं प्रतिबिंब, दोन्ही करून एकमेकांवर बसवून बघितली मी," त्या म्हणाल्या. "त्याच संध्याकाळी."