आज हवा कशी आहे?

डॉक्टर नूरुद्दीन यांनी कागद मोनापुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते दाखवलं. सही झाली की तिच्या वडिलांचे, क्वेलसाहेबांचे, बोलण्याचे उपचार थांबणार होते. पुढचं आयुष्य कायमच्या रुग्णांच्या वॉर्डात. मेंदूच्या झटक्याला तीन आठवडे झाले होते आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडून एकही इंग्रजी शब्द आला नव्हता. नुसते आवाज.

आताही येत होते. "ते गीअख... गीअख."

कपड्यांची पिशवी घेऊन दाराशी उभी असलेली मुनिरा जागीच थबकली. ती रत्नागिरीची. कुवेतच्या फिंतास भागातल्या घरी दोन वर्षं तिने साहेबांची देखभाल केली होती, पण रुग्णालयाच्या या खोलीत तिला आज पहिल्यांदाच सोडलं होतं.

"डॉक्टर," ती मराठीत म्हणाली, कारण डॉक्टर रायगडचे होते. "ही बडबड नाही. वारा सुटलाय, म्हणतायत."

"कुठल्या भाषेत?"

"मँक्स. त्यांच्या बेटावरची जुनी भाषा. तरुणपणी शिकले होते. मॅडमनाही येत नाही. इथे बोलायला कोणी नाही, म्हणून संध्याकाळी बाल्कनीत बसून मला शिकवायचे. हवेचा धडा तेवढा झालाय."

डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "ते वॉर्डात गेले की तुझं काम संपेल. म्हणून तर सांगत नाहीस ना?"

मुनिराचा कुवेतमधला राहण्याचा परवाना, इकामा, याच घराच्या नावावर होता. काम गेलं की परत रत्नागिरी.

"काम जाईल, ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही पडदा उघडून बघा."

डॉक्टरांनी पडदा ओढला. बाहेर सगळं तपकिरी झालं होतं. समोरच्या इमारती दिसत नव्हत्या. वाळू काचेवर तडतडत होती. मग त्यांनी मोनाला इंग्रजीत सगळं सांगितलं.

मोनाने पेन खाली ठेवलं, पण कागद हातातच होता. "योगायोग असेल," ती म्हणाली. मग मुनिराकडे वळून इंग्रजीतच म्हणाली, "मला ओळखतात का, विचार."

"मॅडम, मला तसं विचारता येत नाही. फक्त हवेचं येतं."

"मग तेच विचार."

मुनिरा साहेबांच्या कानाशी वाकली. "किस तन एमशर जू?"

साहेबांनी सावकाश मान वळवली. ओठ दोनदा उघडले आणि मिटले. मग शब्द आले, तुटक पण स्पष्ट.

"ते ब्रेऊ. ते ब्रेऊ जू."

"काय म्हणाले?" डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं.

मुनिराला खोटं सांगणं सोपं होतं. दुसऱ्या कोणालाच कळलं नव्हतं.

"आज हवा छान आहे, म्हणाले."

मोनाने खिडकीकडे पाहिलं. वादळ आणखी दाटलं होतं. तिने पुन्हा पेन उचललं.

"मॅडम," मुनिरा म्हणाली, "ते खिडकीकडे नाही, तुमच्याकडे बघून म्हणाले."