स्पीकरवर

मदत करतो म्हणून आलेल्या दाढीवाल्याने एकट्या आजींचं घरच बळकावलं. आतल्या खोलीतून आता नशेच्या पुड्या विकल्या जात. नवरा लेकीकडे गेलाय, कधीही परत येईल, या आजींच्या थापेचा काय तो त्याला धाक होता.

लेकीचा फोन आला. त्याने स्पीकर लावून डोळे वटारले.

"मी मजेत आहे गं," आजी म्हणाल्या. मग जीव मुठीत धरून त्यांनी विचारलं, "तुझे बाबा गोळ्या घेतात ना वेळेवर?" आता तरी पोरीने ओळखावं.

"आई, असं काय करतेस!" लेकीला रडूच फुटलं. "बाबांना जाऊन किती वर्षं झाली!"

दाढीवाला आजींकडे पाहून हसला. मग मायेने म्हणाला, "ताई, हल्ली आजींचं असंच चालतं. मी आहे ना इथे."

"तुम्ही आहात म्हणून बरं हो, दादा," म्हणत लेकीने फोन ठेवला.