वायर धर जरा

“धर गं ही वायर,” नवरा म्हणाला, तसे बोनेटभोवती जमलेले शेजारी आधीच हसू लागले.

दर रविवारी तो गाडीच्या प्लगच्या वायरी पुसायचा आणि तपासायच्या म्हणून एकेकीचं टोक तिच्या हातात देऊन सेल्फ मारायचा. झटका बसून ती किंचाळली की म्हणायचा, “वायर चांगली आहे!” तीस वर्षं हीच गंमत.

महिन्यापूर्वी त्याच्या छातीत पेसमेकर बसवला. “गाडीच्या वायरींना हात लावू देऊ नका, झटका जिवावर बेतेल,” असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा तो बाहेर नर्सची थट्टा करत होता. ऐकलं फक्त तिने. त्याला सांगायचं राहून गेलं.

आज तिने पदराला हात पुसले. “नेहमी मीच का? आज तुम्ही धरा, मी सेल्फ मारते. की भीती वाटते?”

शेजाऱ्यांनी शिट्ट्या मारल्या. आता माघार कशी घेणार? त्याने छाती फुगवून वायर मुठीत धरली. “हं, मार!”

ती सीटवर बसली. उघड्या बोनेटमुळे तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता. तिने सावकाश किल्ली फिरवली.

वायर चांगली होती.